हात लावू का, पप्पा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मेहुण्याच्या मुलाचा मंगल परिणय नागपूरला होता. उदगीरहून नागपूर म्हणजे काही जवळचा पल्ला नाही. एस.टी.ने नांदेड गाठायचे, तिथून रात्रीची बस धरायची आणि सकाळी डोळे चोळत नागपुरात उतरायचे. बरोबर दोन लेकरे. थोरली आठ वर्षांची, तिसरीत. धाकटा पाच वर्षांचा, अजून अंगणवाडीत. कचेरीतून मोजकी किरकोळ रजा मिळाली होती. एक दिवस कार्यात गेला, एक दीक्षाभूमीवर. उरलेल्या दिवसाचे काय करायचे, यावर घरात चर्चा झाली. पाहुण्यांनी बाजाराचे नाव काढले. आमच्या आयुष्मतींनी मात्र ठाम सांगितले, "बाजार उदगीरला बी आहे. लेकरांना काहीतरी दाखवा."

म्हणून आम्ही रामन विज्ञान केंद्र पाहायला गेलो. गांधीसागर तलावासमोर हे केंद्र आहे. ७ मार्च १९९२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले आणि १९९७ मध्ये तिथे तारांगणही सुरू झाले. आपल्यापैकी हजारो लोक दरवर्षी नागपूरला जातात, पण लेकरांना घेऊन इकडे वळणारे थोडेच. आम्ही स्वतः त्याआधी चार वेळा नागपूरला जाऊन आलो होतो आणि एकदाही तिथे गेलो नव्हतो. हे आधीच कबूल केलेले बरे.

रामन म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांनी प्रकाशाविषयीचा आपला शोध जाहीर केला. म्हणून तो दिवस आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे शाळेत सगळेच शिकतात. पण आम्हा बी.कॉम. झालेल्या कारकुनाला त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट फार जवळची वाटते. हे गृहस्थ हिशेबखात्यातले होते! १९०७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते सरकारच्या वित्त खात्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून लागले. कलकत्ता, रंगून आणि काही काळ नागपूर अशा त्यांच्या बदल्या झाल्या. कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर ते एका विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन प्रयोग करीत. दहा वर्षे त्यांनी असे दोन्हीकडचे काम सांभाळले. १९१७ साली ती भक्कम पगाराची नोकरी सोडून ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. साहेब फायलीवर शेरा मारतात तेव्हा आम्हाला हे आठवते आणि थोडा धीर येतो.

असो. तिकिटे काढली आणि आत गेलो. आणि आत गेल्या गेल्या जे घडले, त्यासाठीच खरे तर हे सदर आज लिहायला घेतले आहे.

समोर एक साधेसे यंत्र होते. खालून जोराने हवा सोडणारी नळी आणि त्या हवेवर अधांतरी नाचणारा एक हलका चेंडू. आजूबाजूची मुले चेंडू उचलत होती, पुन्हा हवेत सोडत होती, ढकलत होती. आमची थोरली मात्र दोन हात पाठीमागे बांधून उभी राहिली. डोळे चेंडूवर आणि हात पाठीशी घट्ट. बराच वेळ झाल्यावर तिने आमच्याकडे वळून हळूच विचारले, "पप्पा, हात लावू का?"

आम्ही म्हणालो, "लाव की. त्यासाठीच ठेवलंय."

तरी ती हलेना. "कुणी रागावलं तर?"

वाचकहो, त्या प्रश्नाने आम्ही जागच्या जागी थांबलो. कारण हे हात पाठीमागे बांधणे तिला कुणी शिकवले, हे आम्हाला ठाऊक होते. आम्हीच शिकवले. त्याच सकाळी पाहुण्यांच्या घरी शोकेसमधली बाहुली पाहताना आम्ही तिला दोनदा दटावले होते. रस्त्यातल्या दुकानात तिसऱ्यांदा. घरी टी.व्ही., मोबाईल, शिवणयंत्र, कपाटातली पुस्तके, सगळीकडे आमचे एकच पालुपद : हात लावू नको, मोडेल. शाळेतही बहुधा तेच. मग लेकरू बिचारे आपले हात पाठीशी बांधून 'शहाणे' होते आणि आपण चारचौघांत सांगतो, आमची मुलगी फार समजूतदार आहे हो!

आम्हाला हे कुणी शिकवले? आमच्या शाळेत विज्ञानाचे एक काचेचे कपाट होते. आत लोहचुंबक होता, भिंगे होती, एक प्रिझम होता, काचेच्या नळ्या होत्या. कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे असते ते आम्हा मुलांना कधी कळले नाही. लोहचुंबकाचे गुणधर्म आम्ही पाच मार्कांसाठी तोंडपाठ केले, पण चुंबकाला चुंबक लावल्यावर हाताला बसणारा तो गमतीदार हिसका आम्हाला कळला तो बारावीनंतर, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. पुढे आम्ही वाणिज्य शाखेला गेलो. वाणिज्य शाखा वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही, तिच्यावरच आमची चूल पेटते. पण विज्ञान आपल्यासाठी नाही, ते कपाटातल्यांसाठी आहे, हे आमच्या मनाने तेव्हाच ठरवून टाकले होते, हेही खरे.

तर थोरलीचा हात आम्ही आमच्या हातात घेतला आणि चेंडूवर ठेवला. तिने चेंडू जरासा बाजूला ढकलला. तो पडेल म्हणून तिने डोळे मिटले. चेंडू पडला नाही, पुन्हा मध्यावर आला. तिने पुन्हा ढकलला. पुन्हा आला. चेंडू बाजूला सरकला की हवेचा झोत त्याच्या गोलाईला धरून वळतो आणि त्या वळण्याच्या उलट दिशेने चेंडूला मध्याकडे खेचतो, असे त्यामागचे कारण आहे. पण कारण तिने त्या वेळी विचारले नाही. ती फक्त हसली आणि तिचे दोन्ही हात मोकळे झाले.

आता आमच्या चुकीची गोष्ट. कारकुनाचा स्वभाव जात नाही. तिकिटाचे पैसे दिले आहेत तर सगळे पाहून झाले पाहिजे, असा हिशेब आम्ही मनात मांडला होता. खिशातल्या कागदावर एकेका दालनाची नोंद करून पुढे बरोबरची खूण करण्याचाही विचार होता. धाकटा त्या चेंडूपाशी चिकटला तो हलायला तयार नाही. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. आम्ही त्याचा दंड धरून म्हणालो, "चल पुढं, अजून लई बघायचं राहिलंय." तो रडायला लागला. तेव्हा आयुष्मतींनी आम्हाला बाजूला घेऊन ऐकवले, "तुम्ही तिकिटाचे पैसे वसूल करायला आलात का लेकराला दाखवायला आलात? त्याला एकच बघायचं असेल तर एकच बघू द्या." आम्ही कागद घडी करून खिशात ठेवला. धाकट्याने तिथे पाऊण तास काढला. चेंडूऐवजी त्याने आपला रुमाल हवेवर सोडून पाहिला, तो उडून गेला. मग चेंडूच का टिकतो आणि रुमाल का नाही, असे त्याने विचारले. पाच वर्षांच्या मुलाचा हा प्रश्न आमच्या चाळीस दालनांच्या यादीपेक्षा मोठा होता.

बाहेरच्या मोकळ्या बागेत आणखी गंमत. एकमेकांपासून दूर उभ्या केलेल्या दोन मोठ्या तबकड्या होत्या. एका तबकडीपाशी अगदी हळू कुजबुजले तरी दुसऱ्या तबकडीपाशी कान लावणाऱ्याला स्वच्छ ऐकू येते. मधल्या माणसाला मात्र काही कळत नाही. पहिली तबकडी आवाज एकवटून सरळ पाठवते आणि दुसरी तो पुन्हा एका जागी गोळा करते. आमच्या दोघा लेकरांनी तिथून एकमेकांना काय सांगितले कोण जाणे, पण दोघेही आमच्याकडे बघून हसत होती.

आणि मग कप्प्यांच्या खुर्च्या. तीन खुर्च्या तीन दोरांना टांगलेल्या. एकीला कमी कप्प्या, दुसरीला जास्त, तिसरीला त्याहून जास्त. खुर्चीत बसायचे आणि दोर ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचे. थोरली पहिल्या खुर्चीत बसली. हिसका मारून पाहिला, जमले नाही. दोन मोठी मुले मागून "हो बाजूला" म्हणत आली आणि तिला उठवायला लागली. ती नेहमीच्या सवयीने उठतही होती. आयुष्मती मध्ये पडल्या. म्हणाल्या, "बाळांनो, तिचं होऊ द्या, मग तुमचा नंबर." थोरली तिसऱ्या खुर्चीत बसली. दोर ओढू लागली. आणि काय आश्चर्य, इंचाइंचाने वर चढू लागली! पाय जमिनीवरून सुटले तेव्हा ती ओरडली, "मम्मी, मीच मला उचललं!"

खाली उतरल्यावर तिने विचारले, माझी ताकद वाढली का? आम्ही तिला आमच्या भाषेत समजावले. ताकद वाढली नाही. कप्प्या जास्त असल्या की जोर कमी लागतो, पण दोर जास्त ओढावा लागतो. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च. फुकट काही मिळत नाही, पण जे एका दमात झेपत नाही ते थोडे थोडे करून झेपते. वहीचा हिशेब अगदी जुळतो.

आयुष्मती म्हणाल्या, "ही आपली विहिरीवरची गडगडीच की." खरेच. विहिरीवरची एकटी गडगडी जोर वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. वर ओढण्याऐवजी खाली ओढता येते आणि माणसाला आपले वजन टाकता येते. आम्ही हे सांगत होतो आणि सांगता सांगता आम्हाला आमची आजी आठवली. आजीच्या गावात विहीर होती, विहिरीला गडगडी होती, दोर होता. आजीला त्या दोराला हात लावता येत नव्हता. रिकामी घागर घेऊन काठापासून दूर उभे राहायचे आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेले पाणी घ्यायचे. "हात लावू नगं, लांबून बघ," हे आजीचे शब्द आम्ही लहानपणी शंभरदा ऐकले. ती आम्हाला रागावत नव्हती. ती आम्हाला मारापासून वाचवत होती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, ते याच हात न लावण्याविरुद्ध. तो इतिहास आम्ही भाषणांतून नेहमी सांगतो. पण आजीची ती धास्ती आमच्या तोंडून, निराळ्या कारणाने का होईना, आमच्या मुलीपर्यंत पोहोचली होती, हे त्या दिवशी दोर हातात घेतलेल्या मुलीकडे बघताना आमच्या लक्षात आले. आजी असती तर तिला ती खुर्ची दाखवली असती.

घरी आल्यावर आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. 'हात लावा' म्हणणारी संग्रहालये फार जुनी नाहीत. मुलांसाठी म्हणून पहिले संग्रहालय अमेरिकेत ब्रुकलिन येथे १८९९ साली निघाले. सॅन फ्रान्सिस्कोचे 'एक्स्प्लोरेटोरियम' १९६९ चे. ते काढणारे फ्रँक ओपनहायमर स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. राजकीय मतांपायी १९४९ साली त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. काही वर्षे त्यांनी गुरे पाळली, मग एका लहान गावातल्या शाळेत शिकवले. शाळेतल्या मुलांना हाताने प्रयोग करू दिले की काय होते, हे पाहूनच त्यांचे पुढचे काम उभे राहिले. म्हणजे काढून टाकलेल्या माणसाने सगळ्यांना आत घेणारी जागा बांधली.

आपल्या देशात कलकत्त्याचे बिर्ला संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झाले. १९६५ पासून त्यांनी प्रदर्शन बसमध्ये घालून खेड्यांकडे नेले. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मुलांसाठी मोकळ्यावरची विज्ञान बाग उघडली आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पूर्ण केंद्र खुले झाले. दादरला जाणाऱ्यांना वरळी काही लांब नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्यच झाले आहे. पण दृष्टिकोन काही परिपाठात म्हणवून घेऊन येत नाही. तो बोटांतून वर चढतो.

लहान लेकरांना घेऊन अशा ठिकाणी जाणाऱ्या माता-पित्यांसाठी, आमच्या चुकांवरून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

सकाळी उघडताच जा. दुपारी शाळांच्या सहली येतात आणि लहानांना नंबर मिळत नाही. वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या. भाकरी-चटणी, पाणी बरोबर न्या, पण आत खाऊ नका. दर दीड तासाने बागेत बसून खाऊ द्या, लघवीला न्या. भुकेल्या लेकराला न्यूटन आला तरी काही शिकवू शकत नाही.

सगळे पाहण्याचा हट्ट सोडा. पाच वर्षांच्या मुलाने तीन गोष्टी मनसोक्त हाताळल्या तर दिवस सार्थकी लागला. प्रत्येक फलक मोठ्याने वाचून दाखवू नका. आधी हात, मग प्रश्न, मग फलक, असा क्रम ठेवा. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण शोधू" असे म्हणायला लाजू नका. बापाला सगळे येते असे समजणाऱ्या मुलापेक्षा बापाबरोबर शोधणारे मूल पुढे जाते.

मुलींकडे विशेष लक्ष द्या. यंत्रापाशी धक्काबुक्की झाली की मुली आपोआप मागे सरतात. तिचा नंबर तिला मिळाला पाहिजे. मात्र तिचा दोर तुम्ही ओढू नका. आणि मोबाईलवर फोटो काढण्याच्या नादात लेकराला "इकडे बघ, इकडे बघ" करू नका. त्याला तिकडेच बघू द्या.

आता कुणी म्हणेल, साहेब, नागपूर-मुंबईचे भाडे कुठून आणायचे? बरोबर आहे. मजुरीवर जाणाऱ्या घराला हे कसे परवडावे? त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, राष्ट्रीय परिषदेच्या केंद्रांतर्फे फिरते विज्ञान प्रदर्शन बसमधून गावोगाव जाते. मुख्याध्यापकांनी, शाळा समितीने केंद्राकडे रीतसर अर्ज करावा. अर्ज लिहायला कुणी नसेल तर आम्ही आहोत, तेवढे एक काम आम्हाला नीट येते.

दुसरी वाट घरातली. अरविंद गुप्ता या अभियंत्याने टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्यात हयात घालवली. पुण्यात आयुकाच्या आवारात मुलांसाठी असलेल्या विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून ते आकृत्या करायला शिकवतात. चौकोन केला तर तो दाबताच कलतो, त्रिकोण मात्र पक्का राहतो. पूल आणि छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे तिथेच कळते. खर्च म्हणाल तर चहापेक्षा कमी.

उदगीरला परत आल्यावर आम्ही वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी एक टेबल मांडायला लागलो. जुन्या स्पीकरमधून काढलेले दोन चुंबक, एक भिंग, आरशाचे तुकडे कडा घासून पुठ्ठ्याच्या नळीत बसवून केलेला पेरिस्कोप, काड्या, रबरी नळी, सुतळी आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या दोन कप्प्या. टेबलाला कुलूप नाही. पहिल्या महिन्यात एक भिंग फुटले आणि एक चुंबक हरवला. त्याची नोंद आम्ही खर्चाच्या बाजूला करून ठेवली आहे. तक्रार नाही. दर रविवारी पंधरा-वीस लेकरे येतात. एका रविवारी त्यांना किल्ल्यावर नेले आणि बुरुजाचे दगड बिनचुन्याचे बसवता येतील का, यावर त्यांचे चांगलेच भांडण लागले. तेही टेबलाचेच काम, असे आम्ही समजतो.

गेल्या रविवारी एक नवा मुलगा आला. बांधकामावर आलेल्या कुटुंबातला असावा. दारातच थांबला, हात पाठीमागे बांधून. आम्ही काही बोलणार, इतक्यात आमची थोरली टेबलामागून उठली. तिने दोन चुंबक त्याच्या पुढे धरले आणि म्हणाली, "लाव की हात. कुणी रागवत नाही."

पुढच्या रविवारी टेबल नेहमीप्रमाणे सकाळी नऊ वाजता लागेल. भिंग एकच उरले आहे. ज्यांच्या घरी जुने, न लागणारे भिंग पडून असेल त्यांनी ते जरूर आणून द्यावे.